तबकड्या संगणकात उतरवताना : साउंड कार्ड कसं निवडायचं

ठाण्यातल्या नौपाडा, पाचपाखाडी भागातल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या की माळ्यावरून पितळेच्या भांड्यांबरोबर रेकॉर्ड्सचा एखादा खोकाही खाली येतो. नव्या फ्लॅटला माळा नसतो. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, हे सगळं कम्प्युटरवर घेऊन टाकू, आणि त्याच रात्री मोबाइलवर साउंड कार्डांचा शोध सुरू होतो. तिथे काही शे रुपयांपासून कित्येक हजारांपर्यंतच्या वस्तू एका रांगेत दिसतात, प्रत्येकीवर बिट आणि किलोहर्ट्झचे आकडे. त्या आकड्यांवरून निवड केलीत तर पैसे हमखास भलत्या ठिकाणी जातात. कार्ड कोणतं हवं, हे तुमच्या प्लेअरच्या पाठीमागून निघणारी वायर ठरवते. म्हणून खरेदी शेवटी, आधी वायर.

आधी खोका नीट बघा

खोक्यातल्या निम्म्याहून अधिक गोष्टी कदाचित आजही कंपनीच्या मूळ टेपवरून काढलेल्या आवाजात ऑनलाइन ऐकायला मिळतील. तुमच्या घासलेल्या प्रतीवरून त्याहून चांगला आवाज निघणार नाही. तरीही ती तुमच्या घरातली प्रत आहे म्हणून उतरवायची असेल तर जरूर उतरवा, पण क्रम ठरवा. जे दुसरीकडे कुठेच नाही ते पहिलं: आजोबांच्या कीर्तनाची कॅसेट, लग्नातल्या मंगलाष्टका, हौशी नाट्यमंडळाचं रेकॉर्डिंग, पुन्हा कधी न निघालेली नाट्यगीतांची जुनी तबकडी. हे वर्गीकरण झालं की तुम्हाला फक्त रेकॉर्ड्स उतरवायच्यात की कॅसेटही, ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्या किती, हे कळतं. आणि त्याचा खरेदीवर थेट परिणाम होतो.

प्लेअरच्या पाठीमागे काय आहे?

इथे थोडा वेळ द्या, कारण नव्वद टक्के घोळ इथेच होतो.

आजकालच्या बहुतेक टर्नटेबलांत मूव्हिंग मॅग्नेट जातीचं कार्ट्रिज, म्हणजे सुई धरून तिच्या थरथरीचा सिग्नल बनवणारा भाग, असतं. त्यातून निघणारा सिग्नल ३ ते ५ मिलिव्होल्टचा. साउंड कार्डाच्या लाइन इनपुटला साधारण ३०० मिलिव्होल्ट अपेक्षित असतात, म्हणजे साठ ते शंभर पट. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे स्वर मुद्दाम वाढवलेले असतात. खर्ज पूर्ण ताकदीने कापला तर खाचा फार रुंद होतात आणि एका बाजूला जेमतेम काही मिनिटं मावतात. वरचे स्वर वाढवून कापले की वाजवताना ते खाली आणता येतात आणि त्याबरोबर खरखरही खाली येते. या दाबण्या-वाढवण्याचा सर्वमान्य आलेख म्हणजे आरआयएए, १९५४ सालचा. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या पट्ट्यात त्यात जवळपास ४० डेसिबलचा फरक आहे. सिग्नल वाढवणं आणि हा आलेख उलटा करणं, ही दोन्ही कामं करणाऱ्या डबीला फोनो प्रीअँप म्हणतात. ती मध्ये नसेल तर आवाज बारीक, पत्र्यासारखा, खर्ज नसलेला येतो. असा आवाज आला की लोक कार्ड बदलायला धावतात. कार्डाची काही चूक नसते.

प्लेअरच्या मागे लाल-पांढऱ्या आरसीए वायरींबरोबर एक सुटी बारीक वायर लोंबत असेल, टोकाला इंग्रजी वाय अक्षरासारखी पट्टी असलेली, तर ती अर्थची वायर. बहुधा तुम्हाला वेगळा प्रीअँप लागेल. मागे फोनो आणि लाइन असं लिहिलेलं बटण असेल, जसं ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-एलपी६०एक्सला असतं, तर प्रीअँप आतच आहे. बटण लाइनवर ठेवा आणि सरळ लाइन इनपुटला जोडा. दोन प्रीअँप एकापुढे एक लावू नका, आवाज फाटतो आणि खर्ज घुमायला लागतो.

घरात जुना अ‍ॅम्प्लिफायर पडून असेल, कॉस्मिक, सोनोडाइन, नॉर्ज असा कुठलाही, तर त्याची पाठ बघा. त्यावर फोनो नावाचं इनपुट आणि टेप आउट किंवा रेक आउट नावाचं आउटपुट असेल तर तुमच्याकडे प्रीअँप फुकट आहे. टर्नटेबल फोनोला, टेप आउट साउंड कार्डाला. टेप आउटमधला सिग्नल व्हॉल्यूम आणि बेस-ट्रेबलच्या बटणांच्या आधीच बाहेर पडतो, त्यामुळे कोणी व्हॉल्यूम फिरवला तरी रेकॉर्डिंगला धक्का लागत नाही. स्पीकरच्या वायरींमधून सिग्नल घेण्याचा सल्ला कोणी दिला तर मात्र ऐकू नका. तिथे कित्येक व्होल्ट असतात. कार्ड जळू शकतं.

आता आपल्याकडचा खास प्रकार: आजोबांचा पोर्टेबल, एचएमव्हीच्या फिएस्टासारखा, झाकण लावून हातात धरून नेता येणारा. यांत बहुतेकदा सिरॅमिक कार्ट्रिज असतं. त्याची तऱ्हा निराळी. सिग्नल शेकडो मिलिव्होल्टचा, म्हणजे प्रीअँपची गरज नाही, आणि आरआयएएचा हिशेबही ते आपल्या स्वभावानेच बराचसा भरून काढतं. पण त्याला समोर खूप मोठा रोध लागतो, साधारण १ मेगाओहम. नेहमीच्या लाइन इनपुटचा रोध काही दहा हजार ओहमच असतो, त्यामुळे तिथे जोडलं की खर्ज गायब. उपाय सोपा आहे: बाजारातल्या बऱ्याच ऑडिओ इंटरफेसना, म्हणजे रेकॉर्डिंगसाठीच्या बाहेरून जोडायच्या साउंड कार्डांना, गिटारसाठी इन्स्ट्रुमेंट किंवा हाय-झी नावाचं इनपुट असतं, त्याचा रोध याच घरातला असतो. सिरॅमिकची वायर तिथे लावा. वायर आतून काढून घेण्याचं काम मात्र रेडिओ दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाकडून करवून घ्या. विजेवर चालणाऱ्या काही जुन्या सेटांत ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चासीसलाच, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यालाच, करंट असू शकतो. तो सेट साउंड कार्डाला जोडणं म्हणजे लॅपटॉप, कार्ड आणि स्वतः अशा तिघांनाही धोका.

आणि या पोर्टेबलवर चांगल्या अवस्थेतल्या स्टिरिओ एलपी वाजवू नका. त्यांची सुई जड बसते. आधुनिक कार्ट्रिज दीड ते तीन ग्रॅम वजनावर चालतं. हे प्लेअर त्याच्या दुप्पट-तिप्पट दाबतात. ओळखीतल्या कोणाचं चांगलं टर्नटेबल चार दिवसांसाठी मागून आणणं केव्हाही बरं.

परदेशातून आणलेला प्लेअर असेल तर मागचं लेबल वाचा. ११० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलेलं असेल तर नुसता स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून भागत नाही. तो व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. विजेच्या वारंवारतेवर फिरणारी सिंक्रोनस मोटर आपल्या ५० हर्ट्झवर ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेरे मारते, आणि गाणारी बाई गाणारा बुवा वाटायला लागते. काही मॉडेलांसाठी ५० हर्ट्झची पुली मिळते. डीसी मोटरच्या प्लेअरला ही अडचण येत नाही.

कम्प्युटरचं आपलं सॉकेट चालेल का?

डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूचं निळं सॉकेट शोधा. ते लाइन इन, स्टिरिओ. गुलाबी माइकचं, हिरवं स्पीकरचं. निळं असेल तर आधी त्यावरच एक बाजू रेकॉर्ड करून बघा. ऐकून समाधान झालं तर एक पैसाही खर्च करू नका. लॅपटॉपचं मात्र जवळजवळ नेहमी एकच सॉकेट असतं, हेडफोन आणि माइक मिळून. त्यातला माइक मोनो. स्टिरिओ रेकॉर्ड त्यातून उतरणारच नाही.

हीच गोष्ट त्या दोनशे-चारशे रुपयांच्या पेनड्राइव्हएवढ्या यूएसबी कार्डाची. त्यावर सेव्हन पॉइंट वन असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, पण ते आवाज बाहेर काढण्याबद्दल. आत येणारं भोक एकच, माइकचं, मोनो, वर माइकला पोसायला त्यावर थोडं व्होल्टेजही असतं. मीटिंगसाठी ठीक. आपल्या कामाचं नाही.

बिट आणि किलोहर्ट्झ

आता ते आकडे, ज्यांना लोक फार घाबरतात किंवा फार भुलतात.

बिट म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजामधलं किती अंतर टिपता येतं त्याचं माप. एका बिटाला सुमारे ६ डेसिबल. १६ बिटांत ९६ डेसिबल मावतात. चांगल्या विनाइल रेकॉर्डवर ६० ते ७० डेसिबलच्या वर काही नसतं, ७८च्या तबकडीवर त्याहूनही कमी. म्हणजे १६ बिट पुरतात. मग २४ कशाला? निष्काळजीपणे रेकॉर्ड करता यावं म्हणून. २४ बिटांत पातळी बरीच खाली ठेवली तरी काही हरवत नाही, त्यामुळे अचानक एखादी ढोलकी मोठी वाजली तरी आवाज फाटत नाही. नवख्या माणसाला हा फायदा मोठा आहे.

किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती हजार नमुने घेतले. सीडीचे ४४.१. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, आयएएसएची, मार्गदर्शक शिफारस किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट अशी आहे, आणि बरेच संग्रह ९६ वापरतात. ९६चा खरा उपयोग वेगळाच आहे: ओरखड्यांची टिकटिक कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्याच्या वरही पसरलेली असते, त्यामुळे ती काढणाऱ्या सॉफ्टवेअरला संगीत कुठलं आणि ओरखडा कुठला हे ओळखणं सोपं जातं. १९२ छापलेलं असलं तर असू द्या, त्यासाठी जादा पैसे देऊ नका.

डिस्कवर जागा किती? चाळीस मिनिटांची एलपी २४ बिट-९६ किलोहर्ट्झवर सुमारे १.४ जीबी, २४-४८वर ७०० एमबी, सीडीच्या दर्जावर ४२० एमबीच्या आसपास. फ्लॅक नावाच्या फाइल-प्रकारात ठेवली की आवाज तसाच राहून आकार साधारण निम्म्यापर्यंत येतो. माझं मत विचाराल तर घरच्या वापराला २४-४८ भरपूर झालं. दुर्मीळ किंवा फार ओरखडलेली तबकडी असेल तेव्हा ९६.

तर कार्ड कोणतं?

तीन वाटा आहेत.

पहिली, साधी आरसीए इनपुटची यूएसबी डबी. बेहरिंगरची यूसीए२०२ आणि तिचीच लाल बहीण यूसीए२२२ ही या वर्गातली जुनी खात्रीची नावं. १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ, बस्स. मागे लाल-पांढरी आरसीए सॉकेटं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही, वीज यूएसबीतूनच. आवाजाची पातळी वाढवायचं बटण नाही, त्यामुळे ती प्रीअँपने किंवा डेकनेच बरोबर द्यावी लागते. प्रीअँप आधीच घरात आहे आणि एक खोका उतरवून थांबायचं आहे, अशांना मी हीच सुचवतो. याच घराण्यातल्या यूएफओ२०२मध्ये फोनो प्रीअँप आत आहे आणि अर्थची वायर आवळायला स्क्रूही; टर्नटेबल सरळ तिला जोडा, लाइनवर बटण केलं की कॅसेट डेकही चालतो.

दुसरी वाट, दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस: फोकसराइट स्कार्लेट २आय२, बेहरिंगर यूएमसी२०२एचडी, आणि इतर कंपन्यांचे त्याच घडणीचे. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झपर्यंत, आवाजाचे आकडे करणारे चांगले कन्व्हर्टर, दोन्ही चॅनलना वेगळी गेनची, म्हणजे पातळी वाढवायची, बटणं. पुढेमागे घरात कोणी गाणं, पॉडकास्ट, हार्मोनियम रेकॉर्ड करणार असेल तर पैसे वसूल होतात. पण घेताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: दोन लाइन इनपुट हवेत. स्कार्लेट सोलोमध्ये एक माइकसाठी आणि एकच लाइनसाठी. यूएमसी२२मध्ये दुसरं इनपुट गिटारचं. दिसायला दोन भोकं, किंमत आकर्षक, आणि स्टिरिओ रेकॉर्डला निरुपयोगी. दुकानदाराला ‘स्टिरिओ होतं का’ असं विचारलं तर तो हो म्हणेल. ‘दोन्ही इनपुट लाइन होतात का’ असं विचारा.

या इंटरफेसला आरसीए सॉकेट नसतात. आरसीए ते ६.३५ मिमी मोनो जॅक अशा दोन वायरी लागतात, किंवा कन्व्हर्टर पिना. बटण लाइनवर, इन्स्ट्रुमेंट बंद, काही माइकना लागणारं ४८ व्होल्टचं फँटम पॉवर बंद. दोन गेन हाताने सारखे करताना डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. मोनो रेकॉर्ड लावा, सॉफ्टवेअरमध्ये एक चॅनल उलटा करून दोन्ही एकत्र मिसळा. गेन जितके जुळतील तितकं गाणं नाहीसं होतं आणि फक्त खरखर उरते. जिथे ते सगळ्यात जास्त नाहीसं होईल तिथे बटणं थांबवा, आणि शक्य असेल तर खूण करून ठेवा.

तिसरी वाट म्हणजे यूएसबी टर्नटेबल. कार्ड आतच. सोय आहे, पण आतला कन्व्हर्टर आवडला नाही तर बदलता येत नाही. ज्यांच्याकडे प्लेअरच नाही आणि कटकट नको आहे, त्यांनी घ्यायला हरकत नाही. सुई बदलता येते का आणि वजन लावता येतं का, एवढं बघून.

जुना माल घेताय? पीसीआय स्लॉटची कार्डं एके काळी उत्तम होती, पण नव्या मदरबोर्डांवर तो स्लॉटच नसतो. पीसीआय एक्सप्रेस वेगळा, त्यात ते बसत नाही. फायरवायरचे इंटरफेसही स्वस्तात मिळतात, कारण ती वायर लावायला लॅपटॉपवर आता जागा नाही. यूएसबीचं आणि क्लास कम्प्लायंट, म्हणजे ड्रायव्हरशिवाय चालणारं, असेल तरच जुन्याला हात लावा.

खरेदी कुठे? ठाण्यात स्टेशनच्या आसपास वायरी, पिना, कन्व्हर्टर मिळून जातात. इंटरफेस हातात घेऊन बघायचा असेल, प्रीअँप किंवा सुई शोधायची असेल तर मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड. ठाण्याहून दादरला उतरून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. नवी मुंबईकरांनी हार्बरने कुर्ला, मग दादर, पुढे तसंच. लॅपटॉप आणि हेडफोन बरोबर न्या, दुकानात जोडून दाखवा म्हणा. ऑनलाइन घेतलंत तर परत करण्याची मुदत संपायच्या आत पुढची घरघरीची चाचणी उरका.

घरघर

सगळं जोडलं, सुई वर उचललेली आहे, तरी हेडफोनमध्ये ‘घूंऽऽ’ आहे. ही ५० हर्ट्झची घरघर, कधी तिचीच १०० हर्ट्झची जोडीदार. क्रमाने जा. अर्थची वायर प्रीअँपच्या स्क्रूला आवळली आहे का? नंतर लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. घरघर थांबली तर ग्राउंड लूप, म्हणजे दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट, होता, आणि मग रेकॉर्डिंग बॅटरीवरच करा. प्रीअँपचा अ‍ॅडॉप्टर आणि राउटर टर्नटेबलपासून दूर सारा. जुन्या इमारतींत तीन पिनांच्या सॉकेटमागे अर्थिंग असेलच असं नाही. इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, पण घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन कधीही कापू नका.

बारीक, टोकदार, माशीसारखी गुणगुण असेल तर पंख्याचा फिरवायचा रेग्युलेटर बघा. असे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर पंखा मधल्या वेगावर असताना वायरिंगमध्ये कचरा सोडतात. पंखा पूर्ण वेगावर किंवा बंद. ठाण्यात मे महिन्यात पंखा बंद करून कोणी चाळीस मिनिटं बसणार नाही हे मलाही माहीत आहे. हे काम हिवाळ्यातल्या सकाळी काढा. तेव्हा गणपतीचे डीजेही नसतात. सुई ही हादरे टिपण्यासाठीच बनवलेली आहे आणि मंडपातला खर्ज ती तितक्याच निष्ठेने टिपते. रुळांलगतच्या इमारतीत जलद लोकल गेली की मीटर हलताना दिसतो. प्लेअर जड, भिंतीला टेकलेल्या मांडणीवर ठेवा, रेकॉर्ड करताना स्पीकर बंद आणि हेडफोन चालू. उरलेलं २०-३० हर्ट्झच्या खालचं सॉफ्टवेअरमध्ये कापता येतं.

सुई आणि साबण

कार्डावर जितका खर्च कराल त्याच्या आधी नव्या सुईवर करा. घासलेली सुई चांगल्या कार्डातूनही घासलेलीच ऐकू येते, आणि वर रेकॉर्डही खराब करते.

खाडीकाठच्या हवेत पावसाळ्यात कव्हरांना आणि तबकड्यांना बुरशी धरते. विनाइलसाठी डिस्टिल्ड वॉटर, भांड्यांच्या सौम्य लिक्विडचा एखादा थेंब, मऊ मायक्रोफायबर, खाचांच्या दिशेने गोल गोल. लेबल कोरडं ठेवा, शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून उभं वाळवा. नळाच्या पाण्यातले क्षार वाळून खाचांत बसतात आणि नवी टिकटिक तयार करतात. विनाइलवर लोक थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोलही वापरतात. ७८च्या तबकड्यांना ते अजिबात लावू नका. त्या शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

७८साठी सुईही वेगळी. एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ ते २५ मायक्रॉनचं, ७८चं ७५च्या आसपास. एलपीची सुई ७८च्या रुंद खाचेत तळाशी खरवडत फिरते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त देते. प्लेअरला ७८चा वेग नसेल तर ४५वर रेकॉर्ड करून ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग ७८ करता येतो, पण बरोबर सुई लावून. अशा वेळी ९६ किलोहर्ट्झवरच घ्या, म्हणजे वेग वाढवल्यावरही माहिती पुरते.

रेकॉर्ड करताना

ऑडॅसिटी फुकट आहे आणि पुरेशी आहे. विंडोजमध्ये दोन खाचखळगे आहेत. साध्या यूएसबी डब्या विंडोजला बऱ्याचदा माइक वाटतात आणि ते त्यांना एका चॅनलवर बसवतं, मग स्टिरिओ रेकॉर्ड मोनो उतरते आणि लक्षातही येत नाही. साउंड सेटिंग्जमध्ये रेकॉर्डिंगचा टॅब, यंत्राच्या प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड. तिथे दोन चॅनल आणि हवा तो दर निवडा. आवाज ‘सुधारणाऱ्या’ सगळ्या सोयी बंद करा. त्या माणसांच्या बोलण्यासाठी आहेत, आलापाला त्या गोंगाट समजून दाबतात. दुसरं, ऑडॅसिटीत होस्ट, म्हणजे विंडोजकडून आवाज घेण्याची पद्धत, एमएमई असेल तर तुमचं २४ बिटांचं कार्ड १६वरच चालतं. विंडोज वासापी निवडा, आणि प्रोजेक्टचा दर विंडोजमधल्या दराशी जुळवा.

रेकॉर्डचा सगळ्यात मोठ्या आवाजाचा भाग आधी वाजवून बघा. सगळ्यात उंच टोक उणे ६ डेसिबलच्या आत राहू द्या, २४ बिट असेल तर उणे १२ही चालेल. शून्याला टेकलं की ते पुन्हा दुरुस्त होत नाही. एक बाजू एका दमात घ्या, गाणी नंतर तोडा. न छेडलेली मूळ प्रत आधी साठवा आणि सफाई तिच्या नकलेवर करा. टिकटिक काढणारं साधन हलक्या हाताने वापरा; तबल्याची थाप आणि ओरखडा यांतला फरक त्याला दर वेळी कळत नाही. सतत वाहणारी सूंसूं पूर्ण काढायचा मोह तर टाळाच. तानपुऱ्याचा झंकार तिच्याबरोबरच जातो.

फ्लॅकमध्ये साठवताना गायक, संगीतकार, रेकॉर्डचा क्रमांक टॅगमध्ये घाला, लेबलचा आणि कव्हरचा फोटो त्याच फोल्डरमध्ये. देवनागरी टॅग कम्प्युटरवर आणि फोनवर छान दिसतात. गाडीतल्या जुन्या स्टिरिओवर चौकोन दिसतील, म्हणून पेनड्राइव्हसाठी वेगळी एमपी३ प्रत रोमन नावांनी करून ठेवा. दोन डिस्कवर प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरी.

हे सगळं घरच्या ऐकण्यापुरतं. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, आणि गीत-संगीताचे हक्क त्याहून वेगळे मोजले जातात. ऑनलाइन चढवण्याआधी तेवढं तपासा.

कॅसेट

कॅसेटला प्रीअँप लागत नाही. डेकच्या लाइन आउटमधून सरळ कार्डात. वॉकमन असेल तर हेडफोनच्या भोकातून, व्हॉल्यूम निम्म्याच्या आसपास. यूएसबी वॉकमन म्हणून जी स्वस्त खेळणी मिळतात त्यांचा वेग डगमगतो. एखादा जुना पण दुरुस्त केलेला डेक त्यांच्यापेक्षा कितीतरी सरस.

इथे कार्डापेक्षा हेडचा कोन महत्त्वाचा. कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याचं हेड आणि तुमचं हेड केसभर जरी वेगळ्या कोनात असलं तरी वरचे स्वर बोथट होतात. हेडच्या बाजूला स्प्रिंगवरचा एक छोटा स्क्रू असतो. आवाज मोनो करून ऐका आणि बारीक पेचकसाने तो अगदी थोडा थोडा फिरवा. जिथे ‘स’ आणि ‘श’ सगळ्यात लख्ख ऐकू येतील तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटला हे वेगळं असतं. पेचकस चुंबकीय नको. सूंसूं कमी करणाऱ्या डॉल्बीचं बटण कॅसेट भरताना चालू होतं तरच चालू करा. घरगुती रेकॉर्डिंगात ते बहुधा नव्हतंच.

आणि आजीच्या आवाजाची कॅसेट डेकमध्ये घालण्याआधी तिच्या मागच्या कडेवरचे प्लॅस्टिकचे दोन्ही छोटे टॅब मोडून टाका, म्हणजे चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी ते खाली जाणार नाही.